'बारा लूम'ची चोरी

१

टीव्हीवर मनोज जोंधळे "बारा लूम!" म्हणाला, आणि महादू भोईरच्या हातातला चहाचा ग्लास तोंडाशीच थांबला.

२००६ सालच्या मार्चमधला रविवार. सकाळचे दहा. आम्ही चौघं भिवंडीत, कामतघरच्या चांगदेव रंगभवनात आदल्या दिवशीच्या हास्य कार्यक्रमाचं पुनःप्रक्षेपण बघत बसलो होतो. रंगभवन हे नाव मोठं; मूळचं ते कापडाच्या ताग्यांचं गोडाऊन. मालक भाविक तरे. त्यानं आजोबांचं नाव देऊन आत स्टेज बांधलं, तीनशे प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकल्या, आणि दर रविवारी दुपारी तिथं विनोदी कार्यक्रम सुरू केला. शेजारच्या कारखान्यातली लूमची, म्हणजे यंत्रमागांची, खटखट भिंतीतून येतच असायची. तिच्यावर आवाज चढवून लोकांना हसवायचं, म्हणजे काम सोपं नव्हतं. महादूला ते जमायचं. त्याच्या नावावर खुर्च्या भरत.

येत्या गुरुवारी महादू त्याच वाहिनीवर जाणार होता. एकपात्री विनोदी प्रवेश, आमच्या भाषेत 'नंबर'; नाव 'बारा लूम'. बहिरा झालेला एक लूम कामगार आणि त्याचा डॉक्टर. भिवंडीत हा नंबर कुणी बघितला नव्हता. टीव्हीवर ताजा जावा म्हणून महादूनं तो जपून ठेवला होता. बंद दरवाजाआड तीन तालमी झाल्या, तेवढ्याच.

आणि आता ठाण्याचा मनोज जोंधळे तोच नंबर करत होता.

"कुठं दुखतं?" डॉक्टर विचारतो.

"कामतघरला."

"किती दिवस झाले?"

"बारा लूम!"

"घरात कोण कोण असतं?"

"लाईट गेली की सगळे."

टीव्हीतले लोक खुर्च्यांवरून पडत होते. आमच्यातलं कुणी हललं नाही.

मी तुळजा पष्टे. भिवंडीच्या कोर्टात लघुलेखक. साक्षीदार बोलतो ते वळणावळणाच्या खुणांत उतरवायचं आणि मग टाइप करायचं, हे काम चोवीस वर्षं करते आहे. कुणी सलग बोलायला लागलं की माझा हात आपोआप चालतो. त्या सकाळीही पॅड गुडघ्यावर होतं आणि पेन्सिल पळत होती. मनोजचं शेवटचं वाक्य मी उतरवलं, मान वर केली, तेवढ्यात थोबाडीत मारल्याचा आवाज आला.

महादूनं विशालला मारलं होतं.

विशाल आमचा साउंडवाला. पस्तिशीतला माणूस, दोन मुलांचा बाप. तालमींची कॅसेट त्याच्याकडे असायची.

"कॅसेट कोनाकडं हाय?" महादू ओरडला. "बोल! किती जणांना ऐकवलीस?"

विशालनं गालाला हातही लावला नाही. "दादा, तुम्हाला खरंच असं वाटतं?" एवढंच त्यानं विचारलं. महादूनं नजर चुकवली. विशालनं आपल्या वायरींची पिशवी उचलली आणि तो निघून गेला.

दुपारपर्यंत सगळ्या कामतघरला कळलं होतं, की विशालनं महादूला विकलं.

२

संध्याकाळी विशालची बायको मेघाली माझ्या घरी आली. उंबऱ्याच्या आतही येईना.

"ताई, उद्या महादूदादा पोलिसात तक्रार देणार म्हणतात. यांनी केलं असेल ना, तर मीच हात धरून यांना चौकीत नेईन. पण केलं नसेल तर? आमच्या चाळीत आताच पोरांना चोराची पोरं म्हणायला लागलेत."

"तो काय म्हणतो?"

"काहीच म्हणत नाहीत. महादूदादांनी मारलं, यावरच अडकलेत. भाऊ मानायचे त्यांना."

मी गप्प बसले असते, पण त्यात माझंही एक बोट अडकलेलं होतं. नंबर ठाऊक असलेली माणसं मोजली तर चार: महादू, कॅसेट असलेला विशाल, हँडीकॅमवर चित्रण केलेला भाविक, आणि मी. वाहिनीला टाइप केलेली संहिता हवी होती, म्हणून पंधरा जानेवारीच्या तालमीत मीच ती उतरवून घेतली होती आणि वर 'लेखक व कलाकार : महादू भोईर' असं माझ्याच मशीनवर टाइप केलं होतं. आज विशालवर बोट आहे, उद्या माझ्यावर येऊ शकतं.

मी मेघालीबरोबर तिच्या घरी गेले. विशालनं न बोलता कपाट उघडलं. कॅसेट डबीत होती, डबीवर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर महादूची सही.

"तालीम संपली की दादा स्वतः सही करायचे," तो म्हणाला. "मीच म्हटलं होतं, करा म्हणून. उद्या कुणी बोट दाखवायला नको."

"मग हे तू त्याला सकाळी का नाही सांगितलंस?"

"ताई, त्यांना माहीत होतं."

हे शब्द माझ्या डोक्यात राहिले. स्वतः सही करणाऱ्या माणसाला कॅसेट बंद आहे हे आठवू नये?

तिथून मी भाविककडे गेले. भाविक तिशीतला, जमीनदाराचा मुलगा. त्यानं हँडीकॅम पुढ्यात आणून ठेवला.

"हे घ्या, ताई. आणि खोटं कशाला बोलू, मला फायदा झाला असता. हायवेला सगळीकडं गोडाऊन होतायत, मलाही हॉल मोडून गोडाऊन द्यायचंय. पण महादू टीव्हीवर गाजला की मी हॉल मोडतो असं म्हणायची हिंमत होणार नाही, लोक मारतील मला. म्हणजे संशय घ्यायचा तर माझ्यावर घ्या. पण मी नाही केलं."

"वाहिनीचं पत्र इथंच आलं होतं ना?"

"हो, फेब्रुवारीत. कुरिअरवाला आला तेव्हा मी बाहेर होतो. आलो तर टेबलावर पाकीट, फोडलेलं. विठू मास्तरांनी सही करून घेतलं होतं."

"मास्तर? ते तर संक्रांतीपासून गणेशपुरीला आहेत. घसा बसलाय म्हणून."

"त्या दिवशी आले होते. कपड्यांची पेटी न्यायला. त्यांना फोडायला हरकत कसली, ताई? चौदा वर्षं 'विठू-महादू' अशी एकच जोडी होती, येईल ते पाकीट ज्याच्या हाती लागेल तो फोडायचा."

मी मान हलवली. विठू मास्तर म्हणजे महादूचे गुरूच. लूमवरच्या महादूला त्यांनीच स्टेजवर उभं केलं. त्यांच्यावर संशय घेण्याचं कारण मला दिसत नव्हतं. मी हँडीकॅमच्या टेपवरची तालीम बघायला बसले, आणि पाचव्या मिनिटाला मी ती थांबवली.

"भाविक," मी म्हटलं, "ही टेप बघून मनोजनं नक्कल केलेली नाही."

३

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी दोन्ही मजकूर शेजारी शेजारी टाइप केले. डाव्या बाजूला महादूची जानेवारीतली तालीम, उजव्या बाजूला रविवारी टीव्हीवरून उतरवलेला मनोज. विनोद तेच, क्रम तोच. पण फरक दोन.

पहिला. महादूच्या नंबरात डॉक्टर फोनवर आहे. महादू कानाला रिसीव्हर लावून उभा राहतो, "हॅलो, डॉक्टरसाहेब" म्हणतो आणि पलीकडचं चुकीचं ऐकतो. एकटा माणूस, एकाच जागी. मनोजचा डॉक्टर मात्र समोर उभा होता. मनोज डावीकडे वळून कामगार व्हायचा, उजवीकडे वळून डॉक्टर. आणि सगळ्यांत मोठा हशा ज्या वाक्याला आला ते महादूच्या नंबरात नव्हतंच: "डॉक्टर, तोंड माझ्याकडं करून बोला. माझे कान ड्युटीवर गेलेत."

चोरानं एखादं वाक्य वाढवणं मी समजू शकते. पण फोनवरचा सुटसुटीत नंबर उचलून त्यात उगाच एक माणूस का वाढवायचा? एकट्यानं दोन माणसं वठवणं अवघड. माणूस चोरी करतो ती काम सोपं व्हावं म्हणून.

दुसरा फरक छोटा होता, आणि त्यानंच मला खुर्चीतून उठवलं.

डॉक्टर विचारतो, "बायकोचं बोलणं ऐकू येतं का?" महादूचा कामगार म्हणतो, "आठ तास येतं. आठ तास लाईट नसते ना!" लाईट गेली की लूम बंद, लूम बंद की बायकोचा आवाज. मनोज मात्र म्हणाला होता, "सहा तास."

दिवाळीच्या आधी आमच्याकडे लाईट सहा तास जायची. दिवाळीनंतर आठ तास झाली. भिवंडीतल्या कुठल्याही बाईला हे विचारा, तिनं त्या हिशेबानं पिठाची गिरणी गाठलेली असते. पण ठाण्याच्या मनोजला सहा काय आणि आठ काय. त्यानं आकडा मुद्दाम खाली आणला नसणार. आकडा मोठा तर हशा मोठा. त्याला जसं मिळालं तसं त्यानं म्हटलं.

म्हणजे त्याला मिळालेला मजकूर दिवाळीच्या आधीचा होता. पहिली तालीम झाली जानेवारीत. विशालची कॅसेट, भाविकची टेप, माझं टायपिंग, सगळं त्यानंतरचं. आम्ही तिघंही सुटलो.

पण मग दिवाळीआधी हा नंबर, समोरासमोर उभ्या दोन माणसांचा, कुठं होता? महादू तर सगळ्यांना सांगत होता, की जानेवारीत त्याला तो सुचला.

४

त्याच संध्याकाळी महादू मला वऱ्हाळा तलावाच्या काठावर भेटला. पोलिसात तो अजून गेला नव्हता. आता उद्या जातो म्हणत होता.

मी कागद पुढे केले. त्यानं वाचले नाहीत, नुसते हातात धरले.

"विशालनं केलेलं नाही," मी म्हटलं.

"मंग कोनी केलं?"

"ते तू सांगायचंस. दिवाळीच्या आधी 'बारा लूम' कुणाला ठाऊक होता?"

"कोनाला न्हाय. तवा व्हताच कुठं तो?"

"व्हता, महादू. दोन माणसांचा व्हता."

तो तलावाकडे बघत राहिला. पाण्यात एक माणूस म्हैस धूत होता.

"ताई, तुम्ही यातून बाजूला व्हा," तो शेवटी म्हणाला.

"विशालची पोरं आज शाळेत गेली नाहीत. मी बाजूला कशी होऊ?"

"मी तक्रार करत न्हाय. झालं? कोनावरच करत न्हाय. सोडून द्या."

"तू विशालला मारलंस तेव्हा तुला ठाऊक होतं, कॅसेट तुझ्या सहीनं बंद आहे."

महादूनं कागद माझ्या हातात कोंबले आणि तो उठला. चार पावलं गेला, परत आला. त्याचे डोळे भरले होते.

"मास्तरांना यात आणू नका," तो म्हणाला.

मी मास्तरांचं नावही घेतलं नव्हतं.

५

मंगळवारी रजा टाकून मी गणेशपुरीची एसटी पकडली. मास्तर बहीण ठमाबाईकडे राहत होते. गावाबाहेर कौलारू घर, पुढं अंगण, पलीकडं कापणी होऊन गेलेली भातखाचरं.

मास्तर अंगणात बाकावर बसले होते. साठीला टेकलेला, काटक माणूस. बावीस वर्षं लूम चालवलेले. मला बघून त्यांचा चेहरा फुलला.

"तुळजा! ये, ये. ठमे, चहा टाक."

आवाज खणखणीत होता. घसा बसल्याची काही खूण नव्हती.

बोलता बोलता काही गोष्टी माझ्या लक्षात यायला लागल्या. ठमाबाईला त्यांना काही सांगायचं असलं की ती आधी येऊन खांद्याला हात लावायची, मग बोलायची. मागच्या रस्त्यावरून एसटीनं जोरात हॉर्न दिला. मी दचकले, मास्तर दचकले नाहीत. आणि मी बोलताना ते माझ्या डोळ्यांत बघत नव्हते, जरा खाली बघत होते. ओठांकडे.

लूमवरची माणसं ओठ वाचतात, हे भिवंडीत सगळ्यांना माहीत आहे. त्या आवाजात दुसरा इलाज नसतो. म्हणून चौदा वर्षांत कुणाला त्यांचं तसं बघणं वेगळं वाटलं नाही. मलाही नाही, आणि मी पहिल्या रांगेत बसायचे.

ठमाबाईनं चहा आणला. मी कप तोंडाशी नेला, ओठ त्याच्या आड गेले, आणि मी नेहमीच्या आवाजात विचारलं,

"मास्तर, मनोज जोंधळेला 'बारा लूम' तुम्ही दिलात का?"

मास्तर हसऱ्या चेहऱ्यानं माझ्याकडे बघत राहिले.

"साखर जास्त झालीय का गं?" त्यांनी विचारलं. "ठमीचा हात सैल हाय."

दारात उभ्या ठमाबाईनं पदर तोंडाला लावला. तिनं माझा प्रश्न ऐकला होता.

६

मी कप खाली ठेवला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी ओठ उघडे ठेवून.

मास्तरांचं हसू हळूहळू गेलं.

"कसं ओळखलंस?"

मी सांगितलं. सहा आणि आठ. फोन आणि समोरचा माणूस. "आणि ते वाक्य, मास्तर. तोंड माझ्याकडं करून बोला. ते कुणी बसून लिहिलेलं नाही. ते कुणीतरी रोज म्हणत असणार."

"रोज," ते म्हणाले. "डॉक्टरला, कंडक्टरला, वाण्याला. सगळ्यांना म्हणतो."

मग ते सलग बोलले. मी पॅड काढलं नाही, तरी त्यातला शब्द न् शब्द माझ्याजवळ आहे.

"गेल्या पावसाळ्यापासून ऐकू येणं बंदच झालं. स्टेजवर महादूचं वाक्य संपलं का न्हाय, मला कळेना. मी मध्येच बोलायचो. लोक हसायचे, त्यांना वाटायचं मुद्दाम हाय. महादूला कळलं व्हतं. त्यानं कोनाला सांगितलं न्हाय. चार महिने त्यानं मला सांभाळलं, तुळजा. बोलणं झालं की उजवा हात खाली करायचा, म्हणजे मला कळायचं, आता माझं वाक्य. त्याचे उपकार मी विसरलेलो न्हाय."

"आणि 'बारा लूम'?"

"नवरात्रात बसवला. मीच म्हटलं, महादू, हे कान लपवायचे कशाला? हेच स्टेजवर आणू. मी कामगार, तू डॉक्टर. मला ऐकू आलं न्हाय तरी चालंल, तोच नंबर हाय! आम्ही दोघं इतके हसलो त्या दिवशी. मला वाटलं, अजून दहा वर्षं निघतील."

ठमाबाई येऊन त्यांच्याशेजारी बसली.

"मंग तो म्हणाला, मास्तर, घसा बसल्यावानी वाटतो तुमचा, जरा गणेशपुरीला आराम करा. मी आलो. मला वाटलं, काळजीनं म्हणतोय. म्हणाला, मी मधे एकटा पडघ्याला लग्नाचा कार्यक्रम करून येतो. मी म्हटलं, कर बाबा. ते लग्न म्हणजे टीव्हीवाल्यांची निवड व्हती. फेब्रुवारीत पेटी आणायला गेलो, तर पाकीट हातात आलं. 'एकपात्री. लेखक आणि कलाकार महादू भोईर.' माझे कान, माझी बायको, माझा डॉक्टर. आणि माझं नाव कुठंच न्हाय."

ते कागदावरचे शब्द माझ्या मशीनवरचे होते. ते मी त्यांना सांगितलं. मास्तरांनी माझ्या हातावर थोपटलं.

"तुला काय ठाऊक."

"मग मनोज?"

"मनोज माझ्याच हाताखाली शिकलेला. त्याच महिन्यात देवदर्शनाला आला व्हता. त्याला इथं, या अंगणात करून दाखवला. दोन्ही माणसं मीच झालो. म्हटलं, माझा नंबर हाय, तू कर, लवकर कर. त्याला बाकी काय माहीत न्हाय. चोरी झालीच न्हाय, तुळजा. माझी वस्तू मी दिली."

"विशालला मार बसला, मास्तर. त्याच्या पोरांना चोराची पोरं म्हणतात."

हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी माझे ओठ नीट वाचले की नाही, म्हणून मी पुन्हा सांगितलं. ते उठून उभे राहिले, पुन्हा बसले.

"महादूनं? विशालला?" त्यांनी विचारलं. "पन महादूला तर टीव्हीवर पहिलं वाक्य ऐकल्याबरोबर कळलं असंल, की हे मी केलंय."

मला तेच सांगायचं होतं. मी मान डोलावली.

७

पुढचं आधी सांगून टाकते, म्हणजे शेवटी त्या दुपारचंच सांगायचं राहील.

महादू टीव्हीवर गेला नाही. त्यानं वाहिनीला कळवलं, की नंबर त्याचा एकट्याचा नव्हता. मनोज जोंधळेचं नाव झालं. 'बारा लूम' त्यानं महाराष्ट्रभर केला. खरं कळल्यावर त्यानं पुढच्या कार्यक्रमात मास्तरांचं नाव घेतलं, एकदा. महादू विशालच्या चाळीत गेला. सगळ्या बिऱ्हाडांसमोर त्यानं सांगितलं, की खरा माणूस कोण ते ठाऊक असताना मी याच्यावर आळ घेतला. विशालनं ऐकून घेतलं, त्याला चहा दिला, आणि त्यानंतर महादूच्या कार्यक्रमाला साउंड कधी लावला नाही. भाविकनं दोन वर्षांनी हॉल मोडला.

आता ती दुपार. बुधवारची.

मी महादूला सगळं सांगितलं, तेव्हा तो वाद घालायला लागला नाही. "मला घेऊन चला," एवढंच म्हणाला. वज्रेश्वरीवरून जाणाऱ्या एसटीत आम्ही एका बाकावर बसलो होतो. वाटेत एकदाच बोलला.

"ताई, मला दुसरा कोनीतरी चोर पाहिजे व्हता. विशाल जवळ बसला व्हता, म्हणून विशाल."

"का रे असं केलंस मास्तरांशी?"

"टीव्हीवाले म्हणाले, जोडी नको, एकटा पाहिजे. मी तीन दिवस जेवलो न्हाय. पन चाळीस वर्षांचा झालो, ताई. मला परत कोनी बोलावणार व्हतं का? मास्तरांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, जा. मला ते ऐकायचं नव्हतं. ते जा म्हणाले असते ना, तर मला जाता आलं नसतं."

मास्तर त्याच बाकावर बसले होते. मी त्यांच्यासमोर पायरीवर बसले. महादू अंगणात येऊन उभा राहिला. कुणी कुणाला बस म्हटलं नाही.

"तू सांगायचं व्हतंस," मास्तर म्हणाले. "मी माझ्या हातानं तुला गाडीत बसवला असता."

"व्हय."

"घसा माझा चांगला हाय, महादू. तू ठमीलासुद्धा सांगितलंस, घसा बसलाय. ती मला दोन महिने हळद घालून दूध पाजत व्हती."

महादू खाली बसला, मास्तरांच्या पायाशी. "मास्तर, मी चुकलो," तो म्हणाला. "तुम्ही मला स्टेज दिलं, आणि मी तुमचे कान..."

मास्तर त्याच्या ओठांकडे बघत होते. आणि मग, त्याचं वाक्य अर्धं असतानाच, त्यांनी डोळे मिटून घेतले.

महादूच्या ते लगेच लक्षात आलं नाही. तो बोलत राहिला. चार महिने हात खाली करून कशी खूण द्यायचो, निवडीच्या दिवशी एकट्यानं उभं राहिल्यावर उजवीकडं कसं बघितलं, 'बारा लूम'मध्ये फोन आणला तो मास्तरांच्या जागी दुसऱ्या माणसाची कल्पना करवेना म्हणून. सगळं सांगितलं. मग त्यानं वर बघितलं. मास्तरांच्या पापण्या घट्ट मिटलेल्या होत्या. त्यानं त्यांच्या गुडघ्याला हात लावला. त्यांनी पाय मागे घेतला.

महादू उठला. बाकाला वळसा घालून मास्तरांच्या मागे, कुंपणाच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. बाहेर पडला नाही. फाटकाचा खांब धरून तिथंच थांबला.

बऱ्याच वेळानं मास्तरांनी डोळे उघडले. समोर मी होते.

"गेला?" त्यांनी मला विचारलं.

मी त्यांच्या खांद्यावरून फाटकाकडे बघितलं. महादूनं माझ्यापुढं दोन्ही हात जोडले होते, आणि मान हलवून तो मला सांगत होता, हो म्हणा.

"गेला," मी म्हटलं.

तेव्हा कुठं मास्तर रडायला लागले. आपला आवाज किती मोठा होतोय, हे त्यांना कळत नव्हतं. महादूला मात्र सगळं ऐकू येत होतं.